'केस करणे' वेगळे, 'मेक अ केस' वेगळे

या अंकासाठी निवडलेले सर्व प्रश्न खानदेशातून आले आहेत. ते एकाच इंग्रजी शब्दप्रयोगाभोवती फिरत असल्याने एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. बारावीच्या 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' या लेखनप्रकाराची तयारी करून घेताना मी विद्यार्थ्यांना इंग्रजी मथळे वाचायला देते. 'बनाना ग्रोअर्स मेक अ केस फॉर फ्रूट इन स्कूल मील्स' असा मथळा दिला, तेव्हा निम्म्याहून अधिक वर्गाने 'शाळेतील जेवणावरून केळी उत्पादकांनी केस केली' असा अर्थ सांगितला. 'मेक अ केस फॉर' म्हणजे पाठिंबा देणे, असे मी समजावले. त्यावर एका विद्यार्थ्याने विचारले की, मग 'सपोर्ट' हा सुटसुटीत शब्द असताना एवढे लांबण कशाला? त्याला काय उत्तर द्यावे आणि हा प्रयोग नेमका कसा वापरावा? — एक शिक्षिका, चोपडा

उत्तर : बाई, 'केस' हा शब्द तुमच्या विद्यार्थ्यांना अनोळखी असता तर हा गोंधळ झालाच नसता. आपल्याकडे हा शब्द घरात शिरतो तो बांधावरून, वाटणीवरून किंवा सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. मग कुणी केस करतो, कुणी ठोकतो, तिच्या तारखांवर तारखा पडतात आणि कधी तरी ती निकाली निघते. या सगळ्या बोलण्यात केस कुणावर तरी केलेली असते. मथळ्यातील केळी उत्पादकांनी मात्र कुणालाही न्यायालयात खेचलेले नाही. मुलांच्या जेवणात फळ का असावे, याची कारणे त्यांनी निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवली आहेत, एवढेच त्या मथळ्यात सांगितले आहे. खटला भरण्यासाठी इंग्रजीत 'फाइल अ केस' म्हणतात किंवा सरळ 'सू' हे क्रियापद वापरतात. तेव्हा विद्यार्थ्यांना आधी क्रियापदाकडे पाहायला शिकवावे. पुढे 'अगेन्स्ट' आला म्हणजे खटलाच, असेही समजू नये, कारण 'मेक अ केस अगेन्स्ट' याचा अर्थ एखाद्या गोष्टीच्या विरोधात मुद्दे मांडणे एवढाच होतो.

हा 'केस' शब्द लॅटिनमधील 'कासुस'पासून निघून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'काडेरे' म्हणजे पडणे, आणि 'कासुस' म्हणजे पुढ्यात येऊन पडलेली गोष्ट, घडलेला प्रसंग. न्यायाधीशापुढे मांडलेल्या प्रसंगाला हा शब्द लागू झाला आणि त्या प्रसंगाच्या आधारे एका पक्षाने उभे केलेले म्हणणेही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. मराठीने यातला 'खटला' एवढाच अर्थ उचलला आणि 'एका बाजूचे साधार म्हणणे' हा अर्थ इंग्रजीतच राहिला. तुमच्या वर्गातला गोंधळ या राहून गेलेल्या अर्थामुळे झाला आहे. जाता जाता सांगायचे तर, इंग्रजी व्याकरणात विभक्तीला जे 'केस' म्हणतात तेही याच कुळातले आहे. चष्म्याची केस मात्र पेटी या अर्थाच्या 'काप्सा' या लॅटिन शब्दावरून आली असून तिचा या घराण्याशी काही संबंध नाही.

आता तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न घेऊ, कारण तो खरोखर चांगला आहे. 'सपोर्ट' करण्यासाठी कारण द्यावे लागत नाही. 'आय सपोर्ट ड्रिप इरिगेशन' असे म्हणून माणूस गप्प बसला तरी वाक्य पुरे होते. 'शी मेड अ केस फॉर ड्रिप इरिगेशन' हे वाक्य मात्र वाचकाला अर्धवट वाटते. तिने काय मांडले, पाण्याची बचत सांगितली की खताची, विजेचा हिशेब दिला की मजुरीचा, हे पुढच्या एक-दोन वाक्यांत आले पाहिजे अशी वाचकाची अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही, तर लेखकाने उगाच भारदस्त शब्द वापरला असे वाटते. तुमच्या वर्गासाठी हीच कसोटी पुरेशी आहे : ज्या वाक्यानंतर 'कारण काय दिले?' असे विचारता येते आणि त्याचे उत्तर लेखात सापडते, तिथे हा प्रयोग शोभतो. जिथे नुसती आवड, निष्ठा किंवा मत सांगायचे आहे, तिथे 'सपोर्ट', 'फेवर' किंवा 'बॅक' हेच शब्द बरे.

यातच दुसरी एक गोष्ट दडलेली आहे. 'मेक अ केस' म्हटले की समोर कुणी तरी निर्णय घेणारा असतो आणि त्याचा निर्णय अजून व्हायचा असतो. तो न्यायाधीश असेल, जिल्हाधिकारी असेल, ग्रामसभा असेल किंवा नुसता वाचकही असेल. म्हणूनच बाजू मांडली आणि बाजू जिंकली, यांत इंग्रजी फरक करते. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा यासाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि शिलालेखांपासून प्राकृत ग्रंथांपर्यंतचे पुरावे त्यात मांडले. केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय झाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. मधल्या अकरा वर्षांत, दर्जा मिळालेला नसतानाही, 'द कमिटी हॅज मेड अ स्ट्राँग केस' हे वाक्य बिनचूकच होते, कारण त्यात समितीने तिचे काम केले एवढेच सांगितलेले आहे. पुढच्यांनी ते मानले की नाही, हे सांगण्यासाठी दुसरे वाक्य लिहावे लागते. आपल्याकडच्या इंग्रजी लेखनात हे भान सुटलेले पुष्कळदा दिसते. 'ही मेड द केस' लिहिले की मागणी मान्य झाली, असे समजून पुढचा मजकूर रचला जातो.

बाजू मांडणाऱ्याचा त्या बाजूवर विश्वास असलाच पाहिजे, असेही नाही. वादविवाद स्पर्धेत चिठ्ठी उघडल्यावर जी बाजू निघेल ती मांडावी लागते. आपल्या शास्त्रग्रंथांत तर आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, शक्य तितक्या ताकदीने मांडायचे आणि मग त्याचे खंडन करायचे अशी रीतच होती. त्या पूर्वपक्षाला इंग्रजीत 'द केस अगेन्स्ट' म्हणता येईल. रोमन कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संतपद देण्यापूर्वी त्याच्या विरोधातील मुद्दे शोधून मांडणारा अधिकारी असे, आणि त्यालाच लोक 'डेव्हिल्स ॲडव्होकेट' म्हणत. हे पद १५८७ मध्ये निर्माण झाले आणि १९८३ च्या सुधारणांत त्याचे जुने स्वरूप संपले. त्या अधिकाऱ्याचे काम म्हणजे 'मेकिंग द केस अगेन्स्ट'चा शुद्ध नमुना होता, कारण त्यात त्याचे स्वतःचे मत विचारलेच जात नव्हते. 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' लिहिताना मुले 'पण सर, मला तसे वाटत नाही' अशी तक्रार करतात, त्यांना हे जरूर सांगावे.

व्याकरणाकडे वळू. 'फॉर'च्या पुढे नाम किंवा 'आयएनजी'कारान्त रूप येते : 'मेक अ केस फॉर अ न्यू बस रूट', 'मेक अ केस फॉर स्टार्टिंग अ न्यू बस रूट'. आपले विद्यार्थी हमखास 'मेक अ केस टू स्टार्ट' असे लिहितात. ते टाळावे, कारण या प्रयोगात 'टू'ची जागा माणसासाठी राखीव आहे. 'दे मेड देअर केस टू द कलेक्टर' म्हणजे त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांपुढे आपले म्हणणे मांडले. पूर्ण विधान जोडायचे असेल तर 'दॅट' घ्यावा आणि अशा वेळी बहुधा 'अ' जाऊन 'द' येतो : 'दे मेड द केस दॅट धुळे नीडेड अ डायरेक्ट रेल लिंक टू इंदूर'. (धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड–इंदूर मार्गाला मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली, तोवर हे वाक्य खानदेशात अनेक वर्षे अनेक तोंडांनी म्हटले गेले होते.) 'मेक युवर केस' असे स्वामित्वदर्शक रूपही सर्रास चालते, मुलाखतीत किंवा बैठकीत कुणी असे म्हणाले, तर 'बोला, तुमचे काय म्हणणे आहे?' असा त्याचा भाव असतो.

'अ' आणि 'द' यांतला फरक नियमापेक्षा कानाने अधिक कळतो. 'अ केस फॉर' म्हटले की अनेक संभाव्य युक्तिवादांपैकी एक, आणि विशेषण लावायचे झाले तरी 'अ'च बरा वाटतो : 'अ स्ट्राँग केस', 'अ कन्व्हिन्सिंग केस', 'अ थिन केस'. 'द केस फॉर' मध्ये त्या बाजूचे सगळे म्हणणे एकत्र आल्याचा आविर्भाव असतो, म्हणून लेखांची आणि पुस्तिकांची शीर्षके तशी असतात. विशेषण निवडताना 'हार्ड' मात्र टाळावे. 'हार्ड केस' म्हणजे भक्कम बाजू नव्हे, तर अवघड प्रकरण किंवा निबर माणूस. अवघड प्रकरणांतून वाईट कायदा जन्मतो, या अर्थाची इंग्रजी न्यायक्षेत्रातली जुनी म्हण याच 'हार्ड केसेस'बद्दल आहे.

एका सावध वळणाकडेही लक्ष द्यावे. 'देअर इज अ केस फॉर रेझिंग द फी' किंवा 'अ केस कॅन बी मेड फॉर रेझिंग द फी' असे लिहिणारा शुल्क वाढवा असे म्हणत नाही. वाढवण्याच्या बाजूने बोलण्यासारखे काही आहे, एवढेच तो कबूल करतो. प्रशासकीय इंग्रजीला ही वाक्ये फार प्रिय आहेत, कारण त्यांत सूचना होते आणि जबाबदारी अंगाला लागत नाही. मराठी टिपणीत आपण 'विचार व्हावा', 'विचाराधीन ठेवणे उचित होईल' असे लिहितो, ती वृत्ती हीच. विद्यार्थ्यांनी परीक्षेत मात्र हा आडपडदा ठेवू नये. 'व्ह्यू' लिहायला सांगितला असेल तर ठाम लिहावे.

दिसायला सारख्या पण या प्रयोगाशी संबंध नसलेल्या रचना वर्गात एकदा बाजूला काढून ठेवाव्यात. 'धिस इज नॉट द केस' म्हणजे 'तसे नाही'. त्याचे 'ही केस नाही' असे भाषांतर मी छापील मजकुरात वाचले आहे. 'इन केस' म्हणजे 'न जाणो, तसे झालेच तर', आणि 'अ केस इन पॉइंट' म्हणजे मुद्द्याला चपखल बसणारे उदाहरण.

राहिला प्रश्न मराठीत काय म्हणावे याचा. 'बाजू मांडणे' हा शब्दप्रयोग सर्वांत जवळचा आहे. औपचारिक लेखनात 'समर्थनार्थ युक्तिवाद करणे' किंवा 'साधार प्रतिपादन करणे' चालेल. 'कैवार घेणे' त्यात बसत नाही, कारण कैवार माणूस जिव्हाळ्यापोटी घेतो आणि त्याला कारणे द्यावी लागत नाहीत. 'तरफदारी' आणि 'भलामण' यांना पक्षपाताचा वास येतो. 'वकिली करणे' अर्थाने नेमके आहे, पण बोलण्यात ते बहुधा टोमणा म्हणूनच येते : 'तू कशाला त्याची वकिली करतोस?' आणि 'री ओढणे' तर अगदी उलट्या टोकाला, कारण त्यात स्वतःचे एकही कारण नसते. तुमचा मथळा मी 'शालेय आहारात फळ का हवे? केळी उत्पादकांनी मांडली बाजू' असा केला असता. त्या 'का'मध्ये इंग्रजी 'केस'चा बराचसा अर्थ येऊन जातो.

प्रश्न : मी धुळ्यात एका वकील साहेबांच्या कार्यालयात टंकलेखनाचे काम करतो. खंडपीठाच्या आदेशांत 'नो केस इज मेड आउट फॉर इंटरफिअरन्स' हे वाक्य वारंवार येते. पक्षकार विचारतात की, आमची केस तर तिथे चालली होती, मग 'नो केस' कसे? 'मेक' आणि 'मेक आउट' यांत काही फरक आहे का? — एक वाचक, धुळे

उत्तर : फरक आहे, आणि तुमच्या पक्षकारांच्या दृष्टीने सगळा निकाल त्या 'आउट'मध्येच आहे. 'मेक अ केस' म्हणजे बाजू मांडणे. ती पटली की नाही, याबद्दल हा प्रयोग काही बोलत नाही. 'मेक आउट अ केस' म्हणजे जेवढे दाखवणे आवश्यक होते तेवढे दाखवून देणे. एकात प्रयत्न आहे, दुसऱ्यात प्रयत्नाला आलेले फळ आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची प्रकरणे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे जातात. तिथे कुणी खालच्या न्यायालयाच्या आदेशाला आव्हान दिले आणि वर तुम्ही दिलेले वाक्य उमटले, तर त्याचा अर्थ असा, की प्रकरण चालले, म्हणणे ऐकले गेले, परंतु खालच्या आदेशात हात घालावा इतके कारण अर्जदाराला दाखवता आले नाही. मराठीत 'हस्तक्षेप करण्याजोगे कारण सिद्ध झालेले नाही' असे सांगावे. 'केस नाही' असे अजिबात सांगू नये, नाही तर पक्षकार आपले कागदच हरवले असे समजून तुमच्याच टेबलाशी येऊन बसेल.

'प्रायमा फेसी केस' हे याच कुटुंबातले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम १ व २ खाली तात्पुरता मनाई हुकूम मागताना वकील तीन गोष्टी दाखवतात : प्रथमदर्शनी बाजू, सोयीगैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान. यातील 'प्रथमदर्शनी केस' म्हणजे प्रथमदर्शनी जिंकलेला दावा असे नव्हे. पुढे पुरावा येईल तेव्हा येईल, पण आज नुसते कागद पाहून विचार करण्यासारखी बाजू दिसते, एवढाच तिचा आवाका असतो. शेताच्या वहिवाटीच्या वादात सातबारा उतारा, मोजणीचा नकाशा आणि पीकपाहणीची नोंद जोडलेली असली, की वकील 'प्रायमा फेसी केस इज मेड आउट' असे म्हणू शकतात. नुसते 'आजोबांच्या काळापासून आम्हीच कसतो' एवढेच तोंडी म्हणणे असेल, तर 'केस' मांडली जाते, पण 'मेड आउट' होणे कठीण जाते.

वकील साहेब अशिलाला इंग्रजीत 'यू हॅव अ केस' म्हणाले, तर तेही 'तुमच्यावर केस आहे' असे सांगत नाहीत. 'तुमच्या म्हणण्यात दम आहे' हा त्याचा बरोबर मराठी उतारा. आरोपीच्या बाबतीत मात्र 'ही हॅज अ केस टू आन्सर' असे म्हटले, तर त्याच्याविरुद्ध इतपत पुरावा आहे की आता त्याला उत्तर द्यावेच लागेल. 'हॅव अ केस' आणि 'हॅव अ केस टू आन्सर' यांत एक शेपूट जोडले की माणूस या बाकावरून त्या बाकावर जातो.

प्रश्न : अमळनेरच्या एका महाविद्यालयात मी वादविवाद मंडळाचे काम पाहतो. साने गुरुजींवरील इंग्रजी भाषणाच्या मसुद्यात मी 'ही मेड अ केस फॉर टेम्पल एंट्री' असे लिहिले. सरांनी ते खोडून 'ही टुक अप द कॉज ऑफ टेम्पल एंट्री' असे केले. माझे वाक्य चुकीचे होते का? — एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : चुकीचे नव्हते, अपुरे होते. 'केस' म्हणजे मांडणी, 'कॉज' म्हणजे ज्यासाठी माणूस झटतो ते कार्य. 'केस' मांडून माणूस घरी जाऊ शकतो. 'कॉज' हाती घेतले की घरी जाता येत नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे यासाठी गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, सभा घेतल्या, लोकांना धर्माच्याच आधारे हा भेद कसा टिकत नाही हे पटवून दिले. या टप्प्यावर तुमचे वाक्य शोभते, आणि 'ही मेड द केस फॉर टेम्पल एंट्री इन व्हिलेज आफ्टर व्हिलेज' असे लिहिले असते, तर सरांनीही कदाचित हात लावला नसता. पण मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभले. उपोषण हा युक्तिवाद नव्हे. तिथे कारणे संपलेली असतात, निदान सांगून झालेली असतात, आणि माणूस स्वतःला पणाला लावतो. म्हणून संपूर्ण लढ्यासाठी 'कॉज' हाच शब्द योग्य, आणि सरांची दुरुस्ती मला मान्य आहे. मात्र तुमच्या भाषणात दौऱ्याचा भाग वेगळा येत असेल, तर तिथे तुमचे मूळ वाक्य परत घालावे. गुरुजी जिथे शिक्षक होते त्या प्रताप हायस्कूलच्या गावात त्यांच्या उपवासाची आठवण सगळे काढतात, त्याआधीच्या समजावणीची कमी काढतात.

उच्चार जवळचे असल्याने हे दोन शब्द लिहितानाही एकमेकांच्या जागी घुसतात. 'मेक अ कॉज फॉर' असा प्रयोग इंग्रजीत नाही, आणि 'सपोर्ट अ केस' म्हटले तर एखाद्या दाव्याला पुरावा पुरवणे असा निराळाच अर्थ होतो.

प्रश्न : बँकेत धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) काढताना 'इन फेवर ऑफ' असे लिहितात, आणि वर्गात ठरावाला पाठिंबा देतानाही 'आय ॲम इन फेवर ऑफ' असे म्हणतात. एकच शब्द दोन्हीकडे कसा? तो 'मेक अ केस फॉर'च्या जागी चालेल का? — एक विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : दोन्हीकडे मूळ कल्पना 'अमुकाच्या बाजूला झुकते माप' हीच आहे. धनाकर्ष ज्याच्या 'फेवर'मध्ये काढला त्याच्या पदरात रक्कम पडते, म्हणून मराठीत आपण 'च्या नावे' म्हणतो. त्यात मताचा किंवा पाठिंब्याचा काही प्रश्न नाही. ज्या संस्थेचा तुम्हाला मनापासून राग आहे, तिचे शुल्कही तुम्ही तिच्या 'फेवर'मध्येच भरता. निकाल 'इन फेवर ऑफ द टेनंट' लागला म्हणजे तो कुळाच्या बाजूने लागला. न्यायाधीशांना कूळ आवडते, असा त्याचा अर्थ नाही. ठरावाच्या वेळी मात्र 'इन फेवर' म्हणजे अनुकूल. हात वर करणे, होय म्हणणे, मत टाकणे हे सगळे त्यात येते आणि कारण विचारले जात नाही.

म्हणून 'मेक अ केस फॉर'च्या जागी तो सरसकट चालणार नाही. 'शी इज इन फेवर ऑफ अ गर्ल्स होस्टेल ॲट शहादा' या वाक्यात तिचा कल कळतो. 'शी मेड अ केस फॉर अ गर्ल्स होस्टेल ॲट शहादा' म्हटले की तिने सातपुड्यातल्या पाड्यांवरून रोज येणाऱ्या मुली किती, शेवटची बस किती वाजता, पावसाळ्यात किती जणी शिक्षण सोडतात, असे काही तरी मांडले असले पाहिजे. पहिल्या वाक्यात ती मतदार आहे, दुसऱ्यात वक्ता. दोन्ही एकत्रही आणता येतात : 'शी आर्ग्यूड इन फेवर ऑफ'. यातील 'आर्ग्यूड' कारणांची बाजू सांभाळतो आणि 'इन फेवर ऑफ' दिशा दाखवतो. अर्थ जवळजवळ 'मेड अ केस फॉर' इतकाच होतो. निबंधात तोच तोच शब्द टाळायचा असेल, तर ही अदलाबदल निर्धास्त करावी. 'फेवर'च्या स्पेलिंगमध्ये ब्रिटिश पद्धतीने 'यू' असतो, अमेरिकन पद्धतीने नसतो. कोणतीही एक पद्धत घ्या, पण एका उत्तरपत्रिकेत दोन नकोत.

प्रश्न : इंग्रजी मालिकांत वादाच्या शेवटी पात्र 'आय रेस्ट माय केस' म्हणते, आणि कुणी क्षुल्लक गोष्ट ताणली की 'डोन्ट मेक अ फेडरल केस आउट ऑफ इट' म्हणते. दोन्हींचा खुलासा करावा. — एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : पहिले वाक्य न्यायालयातून आले आहे. आपल्या बाजूचा पुरावा देऊन झाला, की वकील ते तसे जाहीर करतो आणि दुसऱ्या पक्षाची पाळी येते. बोलण्यात मात्र ते बहुधा उपहासाने येते : समोरच्याने आपल्याच तोंडाने आपला मुद्दा सिद्ध केला, की 'झाले, आता मी आणखी काय बोलू?' या सुरात. कार्यालयीन पत्राचा शेवट या वाक्याने करू नये, कारण ते उद्धट वाटते. दुसरे वाक्य अमेरिकेतले. तिथे राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची वेगळी. संघराज्याच्या न्यायालयात गेलेले प्रकरण मोठे मानतात. म्हणून 'फेडरल केस करणे' म्हणजे राईचा पर्वत करणे. इथे 'मेक' आणि 'केस' दोन्ही असूनही पाठिंब्याचा अर्थ उरत नाही, आणि त्यामागचे 'आउट ऑफ' हे शब्द गाळता येत नाहीत.